बाबांचा आवाज उशिरा का येत होता

प्रिय चिरंजीव,

‘प्रिय’ हा शब्द पत्राची सुरुवात तशी करतात म्हणून लिहिला आहे. त्यावरून आईचा राग गेला असा निष्कर्ष काढू नकोस. निष्कर्षाची घाई तुला लहानपणापासून आहे. गणिताच्या पेपरात तू उत्तर आधी लिहायचास आणि मधल्या पायऱ्या मागाहून जुळवायचास, आणि शिक्षकांनी गुण कापले की माझ्याकडे तक्रार घेऊन यायचास.

मेसेज न करता पत्र का, असं तुला वाटेल. मेसेजला तू अंगठ्याचं चित्र पाठवतोस, ते ‘वाचलं’ या अर्थी असतं की ‘जा’ या अर्थी, हे मला अजून उमगलेलं नाही. फोन केला तर दुसऱ्या वाक्याला ‘आई, कळलं’ म्हणतोस. काय कळलं हे विचारायच्या आत फोन बंद. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस एकदा वाचतो. तेव्हा वाच.

विषय तुझ्या बाबांच्या बोलण्याचा आहे. त्यांचं स्वरयंत्र डॉक्टरांनी काढलं, आणि त्यांचा आवाज आता गळ्यात नसून पुढच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या टेबलावर, कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये असतो, हे तू विसरलास असं मी म्हणणार नाही. तो तिथे ठेवणारा तूच. ऑपरेशनआधी तू आलास, माझं कपड्यांचं कपाट रिकामं केलंस, आतून रजया टांगल्यास आणि त्यात स्टूल ठेवून बाबांना बसवलंस. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून रस्त्याकडची खिडकी बंद, पंखा बंद, फ्रिजसुद्धा बंद. माझं दूध नासलं. रोज सकाळ-दुपार तुम्ही दोघं त्या कपाटात आणि मी बाहेर पहाऱ्यावर. तू शब्द सांगायचास, ते बोलायचे. ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘उशी’ असे कामाचे शब्द तू काढले होतेस. ते म्हणाले, हे आजारी माणसाचे शब्द झाले, आता माझे घे. मग त्यांनी शिव्या दिल्या, टोमणे दिले, शेजाऱ्यांची नक्कल केली, एका दमात बोलायची लांबलचक वाक्यं दिली. तू हसत होतास, तेही हसत होते. हसताना खोकला यायचा, तोही तू ठेवलास. हे काम तू चांगलं केलंस. चांगल्याला चांगलं म्हणण्यात मी कधी कंजुषी केलेली नाही. तशी वेळ कमी आली, एवढंच.

व्यवस्था अशी की बाबांनी कीबोर्डवर शब्दाची दोन-तीन अक्षरं दाबायची, पडद्यावर शब्द पुढे आला की बटण दाबायचं, आणि मशीनने त्यांच्या आवाजात तो बोलायचा. पुरं वाक्य असेल तर पुरं वाक्य. नसेल तर शब्दाला शब्द जोडून. तू करून दाखवलंस तेव्हा ते छान चालत होतं. तेव्हा आत शंभरएक शब्द होते. नंतर काही हजार भरलेस आणि निघून गेलास. भरल्यावर ते कसं चालतं हे बघायला तू इथे नव्हतास.

ते कसं चालत होतं, ते सांगते. आमच्या घरात प्रेम बोलून दाखवायची पद्धत कधी नव्हती. भांडायची होती. तुला ते ठाऊक आहे. तू अभ्यासाला मित्राकडे जायचास ते त्याचसाठी. सकाळी पहिलं भांडण खिडकीवरून. मी म्हणते बंद ठेवा, धूळ येते; ते म्हणतात उघडी ठेव, जग येतं. माणूस मैदानावर माइक हातात धरून सामन्याचं वर्णन करण्यात म्हातारा झालेला. चेंडू जाळीत गेला की त्याच क्षणी तोंडातून शब्द निघाला पाहिजे, श्वासभर उशीर झाला तर तो समालोचक नव्हे, दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र, असं नव्या पोरांना सुनावणारा. अशा माणसाला मी म्हणायचे, खिडकी लावा. ते बटणं दाबायचे. मशीन खर्र करायची. मी थोडी वाट पाहायचे, मग खिडकी लावायचे, मग स्वयंपाकघरात जायचे, आणि तिथे पोहोचल्यावर मागून आवाज यायचा, ‘धूळ बाहेरून येत नाही,’ मग तडतड, मग काही नाही, मग ‘तुझ्या पुस्तकांतून येते’. वरातीमागून घोडं. टोमणा चांगला होता, पण रिकाम्या खोलीला मारलेला.

म्हणजे सगळी भांडणं मी जिंकू लागले. तुला ही गंमत वाटेल. मला वाटली नाही. समोरच्याचे शब्द वाटेत अडकलेत म्हणून जिंकायचं, यात माझं काय कर्तृत्व? आणि मी तर घरचीच, थांबणारी. बाहेरचे कशाला थांबतात? डॉक्टर फोनवर विचारायचे, दुखतं का; उत्तर यायच्या आत ‘छान, छान’ म्हणून पुढच्या प्रश्नाला जायचे. समोरचा दुकानदार खिडकीशी येऊन काही विचारायचा आणि माझ्याकडे वळायचा, जणू बाबा म्हणजे खुर्चीवर ठेवलेलं सामान. हळूहळू ते बटणं दाबायचेच कमी झाले. मान हलवायची, हात उडवायचा, झालं. आवाज जाणं वेगळं आणि बोलणं सोडणं वेगळं. पहिलं डॉक्टरांनी केलं होतं. दुसरं माझ्या डोळ्यांदेखत होत होतं, आणि ते झालं की मशीन दुरुस्त करून उपयोग नव्हता, कारण वापरणाराच उरला नसता.

मी तुला कळवलं. तुझं उत्तर आलं, ‘जुनी मशीन आहे, नवी घेऊ.’ रोग्याला न बघता औषध लिहिणारा डॉक्टर असता तर तू त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असतास. आणि तुझा धंदा काय? वादकांनी बटण दाबलं की सूर त्याच क्षणी वाजला पाहिजे, मध्ये तडतड नको, अडखळणं नको, यासाठी तू पगार घेतोस. परक्या देशांतले तबलजी आणि गिटारवाले तुझे आभार मानतात, हे तूच सांगितलं होतंस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तेव्हा मीच खुर्ची ओढून बसले. तुझ्या आईने कॉम्प्युटर तुझ्या जन्माआधी हाताळला आहे. संख्याशास्त्र शिकताना आम्ही भोकं पाडलेली कार्डं घेऊन रांगेत उभ्या राहायचो, आणि एक कार्ड उलटं पडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग. तेव्हापासून मशीनला घाबरायची सवय गेली. मशीन खोटं बोलत नाही, फक्त विचारल्याशिवाय बोलत नाही. तुझ्या वडलांच्या अगदी उलट.

पहिली गोष्ट मला कानांनी सापडली. ‘नको’ हा शब्द ताबडतोब यायचा. ‘नको’, ‘पुरे’, ‘गप्प बस’ हे तिन्ही बटणाला बोट लागायच्या आत हजर. ‘छान’ मात्र रेंगाळत यायचा, आणि ‘आभार’ तर इतका उशिरा की मानणारा निघून जायचा. मी बाबांना म्हटलं, मशीनला तुमचा गुण लागला. ते हसले नाहीत, तेव्हा मला प्रकरण किती पुढे गेलंय ते कळलं. मग मी मशीन बंद करून पुन्हा सुरू केली. आता ‘नको’सुद्धा पहिल्या वेळी रखडला आणि दुसऱ्या वेळी झटकन आला. म्हणजे स्पीकर ठीक, मशीनचा मेंदू ठीक. एकदा डिस्कवरून उचललेला शब्द मशीन जवळ ठेवते आणि पुन्हा लगेच देते. खोळंबा होतो तो डिस्कवरून उचलताना. हे शोधायला नवी मशीन लागत नाही.

मग डिस्क कशी मांडली आहे ते पाहिलं. तुला हे समजावण्याची गरज नाही, पण तू विसरलेला दिसतोस म्हणून लिहिते. डिस्क म्हणजे कोठार. फाइल सिस्टीम म्हणजे त्या कोठाराची शिस्त: कुठलं पोतं कुठे ठेवायचं, त्याला नाव कसं द्यायचं, मागितल्यावर कसं काढायचं. प्रत्येक प्रकारच्या मशीनची आपली शिस्त असते. बाबांच्या मशीनवर तू आवाजाच्या कामाला चांगली म्हणून मशीन चालवणारी एक प्रणाली घातलीस. आणि त्यांचे शब्द जिथे ठेवलेस ती डिस्क मात्र दुसऱ्याच शिस्तीत मांडलीस, तुझ्या ऑफिसच्या लॅपटॉपच्या. दोघांची भाषा वेगळी, म्हणून मध्ये एक दुभाषी बसवलेला. एकेक मोठी फाइल काढायची असती तर दुभाषी चालला असता. पण बाबांचा प्रत्येक शब्द ही एक चिमुकली फाइल. एक वाक्य म्हणजे दहा वेळा दुभाष्याचं दार ठोठावणं. आणि शिवाय प्रत्येक शब्द काढला की तो केव्हा काढला याची नोंद डिस्कवर करत बसायचं, ती वेगळी. माणूस ‘पाणी’ म्हणतोय, आणि आत एक कारकून ‘पाणी मागितले’ असं लिहून घेतोय.

असं का केलंस? मला आठवलं. मी तेव्हा विचारलं होतं आणि तू कपाटातून डोकं बाहेर काढून सांगितलं होतंस: ‘म्हणजे मी येईन तेव्हा डिस्क काढून थेट माझ्या लॅपटॉपला लावता येईल, आई.’

तू येशील तेव्हा. तुझ्या एका सोयीसाठी बाबांचा एकेक शब्द परक्या दारातून हात पसरून येत होता, आणि सोय वापरायला तू फिरकलाही नाहीस.

उपाय एकच होता. डिस्क मशीनच्या स्वतःच्या शिस्तीत पुन्हा मांडायची. पण शिस्त बदलायची म्हणजे कोठार आधी पूर्ण रिकामं करावं लागतं, फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसतं. बाबांचा आवाज जगात त्या एकाच ठिकाणी. मी तुला विचारलं, तुझ्याकडे प्रत आहे का? तू लिहिलंस, ‘असावी.’ मी पुष्कळ विद्यार्थ्यांची उत्तरं तपासली आहेत, पण बापाच्या आवाजाबद्दल ‘असावी’ हे उत्तर नवीन होतं. पुढे मी तुला काही विचारलं नाही.

वरच्या मजल्यावर एक फोटोग्राफर बाई राहायला आली आहे. तुझ्यापेक्षा लहान, तोंडाने फटकळ, जिना चढताना गाते. तिच्याकडून एक मोठी डिस्क उसनी आणली आणि बाबांचा सगळा आवाज त्या डिस्कवर उतरवला. हे चालू असताना बोलायची मशीन बंद ठेवावी लागली, म्हणजे तेवढा वेळ ते खरोखरचे मुके. माझ्या खुर्चीमागे उभे राहून पाहत होते. फॉरमॅटचं बटण दाबताना मशीनने विचारलं, यावरचं सर्व काही कायमचं पुसलं जाईल, नक्की? मी मागे वळून पाहिलं. मी कधी कुणाला विचारून काही केलेलं नाही, हे तू जाणतोस. पण तो आवाज माझा नव्हता. त्यांनी पंचासारखा हात पुढे केला: खेळ चालू. मी बटण दाबलं. मग त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली की ती करकरली. तुला हे माहीत असावं म्हणून लिहिते. हे पाहायला कुणीतरी दुसरं त्या खोलीत असायला हवं होतं.

डिस्क नव्या शिस्तीने मांडली, वाचल्याच्या नोंदी ठेवणं बंद केलं, आणि शब्द परत उतरवले. मी आत आलेल्या फाइली मोजत होते, ते शेजारून बोलून बघत होते. ‘आण.’ ‘ठेव.’ ‘बघू.’ ‘छान.’ टकाटक, बोट आणि आवाज एकदम. त्यांचे डोळे चमकले. मग त्यांनी एक आवडतं लांब वाक्य निवडलं, आणि मशीन गप्प. दुसरं निवडलं, गप्प. इकडे माझी मोजणी कमी भरली. गेले होते तेवढे आले नव्हते.

तुझा दुसरा पराक्रम तेव्हा कळला. तू प्रत्येक फाइलला नाव म्हणून ते पूर्ण वाक्यच दिलं होतंस. शोधायला सोपं, म्हणे. तुझ्या लॅपटॉपच्या शिस्तीत ही लांब नावं चालत होती. या शिस्तीत नावाला मर्यादा आहे, आणि आपली लिपी तिला जड जाते. प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा ती वेगळी मोजते आणि एकेकीला इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा देते. त्यामुळे छोटे शब्द आत आले आणि लांब वाक्यं नाव मोठं म्हणून दारातच अडवली गेली. नेमकी तीच, जी त्यांनी एका दमात, हातवारे करत, तुला कपाटात कोंडून ऐकवली होती. शब्दाला शब्द जोडून वाक्य होतं, पण ते मालगाडीसारखं डबे आपटत येतं. दमातलं वाक्य वेगळं. बाबा परत आले होते, पण त्यांचं तोंड सुटणं परत आलं नव्हतं.

ती वाक्यं उसन्या डिस्कवर शाबूत होती, आणि नेमकी तेव्हाच फोटोग्राफर दारात उभी राहिली. म्हणाली, “काकू, माझ्या डिस्कवर काकांचा मुक्काम वाढलाय, आणि उद्या मला अख्खं लग्न त्यात बसवायचंय.” मी तिला सांगितलं की आज संध्याकाळपर्यंत डिस्क हलणार नाही. ती म्हणाली की नवरानवरी तिचं ऐकतील, नवरीची आई ऐकणार नाही. तेवढ्यात टेबलावरून बाबा बोलले, “थांबव लग्न. दोघं वाचतील.” उशीर नाही, तडतड नाही, तिच्या वाक्याच्या शेवटच्या अक्षराला चिकटून. ती दारात बसून हसायला लागली. मी हसले नाही. कारण तिला तो विनोद वाटला आणि तो माझ्यावर होता.

मग आम्ही दोघं बसलो. एकेक लांब वाक्य ऐकायचं, त्याला छोटं नाव द्यायचं, आणि आत घ्यायचं. नावावरून दर वेळी वाद. एक वाक्य असं: ‘तुझा चष्मा तुझ्या डोक्यावर आहे, कालही तिथेच होता, आणि मी गेल्यावरही तिथेच असेल, फक्त सांगायला कुणी असणार नाही.’ हे तू रेकॉर्ड केलंस तेव्हा मी बाहेर दूध नासतंय म्हणून ओरडत होते, मला ऐकू आलं नव्हतं. मी त्याला ‘चष्मा’ नाव दिलं. त्यांचं म्हणणं ‘सत्य’ ठेव. ‘चष्मा’च ठेवलं. मग एका सामन्याचं वर्णन निघालं, शेवटचा गोल, मध्यरेषेपासून जाळीपर्यंत एकच श्वास. ते वाजत असताना त्यांनी गळ्यावरच्या पट्टीला हात लावला आणि मी पडद्याकडे पाहत राहिले. त्याचं नाव ‘गोल’. त्यावर वाद झाला नाही. अंधार पडायच्या आत मोजणी जुळली आणि मी डिस्क स्वतः वर नेऊन दिली.

दुसऱ्या सकाळी मी म्हटलं, खिडकी लावा, धूळ. ‘धूळ’ माझ्या तोंडातून पुरता बाहेर पडला नव्हता, आणि त्यांनी मला मध्येच तोडलं. मी पुढचं बोलले, त्यांनी तेही तोडलं. वर ‘चष्मा’ वाजवला, आणि तो होताही डोक्यावर. मी भांडण सपशेल हरले. मग आत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले. रागाने. आता डॉक्टरांचा फोन आला तर तेच घेतात. परवा डॉक्टरांनी विचारलं, दुखतं का? ताबडतोब उत्तर गेलं, ‘तुम्ही विचारलंत की दुखतं.’ दुकानदार खिडकीशी येतो आणि हरून जातो. घरात पुन्हा कुणी कुणाचं ऐकत नाही. सगळं ठीक आहे.

एवढं काम तू फोनवर सांगून माझ्याकडून करवून घेऊ शकला असतास. मी तुझं ऐकलं नसतं, पण तू सांगायला हवं होतंस.

आता जे आपण कुणी बोलत नाही त्याबद्दल. ऑपरेशनच्या आठवड्यात तू बॅग भरलीस. कंपनीची कसली तरी मोठी तारीख होती, आणि ‘आई, आवाजाचं काम तर पूर्ण झालंय’ असं तू म्हणालास. म्हणजे तुझ्या मते बाबांमधलं वाचवण्यासारखं तू वाचवलं होतंस, उरलेलं डॉक्टर बघतील. मी त्या हॉस्पिटलच्या बाकावर एकटी बसले होते. समोरच्या भिंतीवर हात धुण्याचं महत्त्व लिहिलं होतं, ते मला आजही पाठ आहे. आत नेण्याआधी ते स्वतःच्या गळ्याने शेवटचं काय बोलले, ते मी ऐकलं. तुला सांगणार नाही. ते ऐकण्याची एक वेळ होती आणि तू तेव्हा दुसरीकडे होतास.

पत्राचं कारण हे, की त्यानंतर, मशीन अजून रखडत होती तेव्हा, एकदा तू फोन केला होतास. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते, फोन आत टेबलावर, स्पीकरवर. तू आधी हवापाण्याचं बोललास, आणि मग विचारलंस, “बाबा, मी ऑपरेशनला थांबलो नाही, याचा राग आहे का तुम्हाला?” मला तिथपर्यंत ऐकू आलं. मग बटणांचा आवाज, मग मशीनची खर्र. ते शोधत होते ते शब्द त्यांनी कपाटातून बाहेर आल्यापासून एकदाही वापरले नव्हते, म्हणून एकेक तळातून उपसून यायचा होता. तू थोडा थांबलास. मग म्हणालास, “बरं बाबा. कळलं.” मी खांद्यावर कपडे घेऊन धावत आत आले तेव्हा फोनचा दिवा विझला होता, आणि मशीनने बोलायला सुरुवात केली होती. ते पूर्ण वाक्य, अडखळत, तडतडत, मी एकटीने ऐकलं. मी म्हटलं, लगेच परत लावा फोन. ते म्हणाले, “नको.” मेसेज लिहा म्हटलं, तरी “नको”. नंतर सावकाश शब्द जोडून त्यांनी मला सांगितलं की प्रश्न त्याने तोंडाने विचारला, उत्तरही तोंडानेच मिळेल, आणि परत विचारायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. आणि मला बजावलं की मध्ये पडू नकोस. त्यानंतर तू त्यांना फोन केलेला नाहीस. तुला न मिळालेलं उत्तर तुला मिळालं असं तू धरून बसला आहेस. मी मध्ये पडत नाही. मी फक्त मशीन दुरुस्त झाल्याचं कळवते आहे. येत्या रविवारी सकाळी फोन कर. माझ्या रागाची चौकशी करू नकोस, तो आहे, आणि तो डिस्कवर ठेवलेला नाही. त्यांना विचार, त्याच शब्दांत विचार, आणि मग तोंड बंद ठेव. त्या दिवशी ते काय म्हणाले, ते मला माहीत आहे. पण मधल्या काळात एवढे रविवार तुझ्या फोनविना गेले, की आज विचारलंस तर काय म्हणतील, ते मलाही माहीत नाही.

तुझीच, कारण ते बदलता येत नाही,
आई